गाडी येणार आहे

जी वस्तू हाती आलेली आहे तिच्याविषयी मनुष्य फारसे बोलत नाही. जी यावयाची आहे तिच्याविषयी मात्र तो तासन्‌तास बोलू शकतो. झाडाला मोहोर धरला की आंब्याच्या भावाची चर्चा सुरू होते, आणि आंबा प्रत्यक्ष ताटात आला की सारे निमूटपणे खाऊ लागतात. आम्हां सरकारी नोकरांपुरते बोलावयाचे तर आठव्या वेतन आयोगाचे उदाहरण पुरेसे आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी सरकारने त्या आयोगास मान्यता दिली आणि त्याच दुपारी आमच्या कचेरीत पाठकोऱ्या कागदांचा दुष्काळ पडला. कोणाचा पगार किती पटीने वाढणार, थकबाकी किती मिळणार, याची गणिते मांडून झाली. आयोगाचे सभासद ठरावयाचे होते, परंतु त्यांच्या शिफारशी आमच्या शाखेत ठरून गेल्या होत्या!

पण वेतन आयोगाहूनही अधिक निष्ठेने वाट पाहणारा एक संप्रदाय आमच्या कचेरीत नांदतो. तो मोटारवेड्यांचा. दुपारी डबे उघडले की चार-पाच टाळकी एका टेबलाभोवती जमतात. त्यांतील एकाजवळ स्कूटर आहे, दुसऱ्याजवळ मोटारसायकल. तिसरा मेट्रोने येतो. चौथ्याजवळ एक जुनी चारचाकी आहे खरी, पण थंडीच्या दिवसांत ती सुरू करावयास शेजारच्या दोघांची मदत लागते. बोलणे मात्र ऐकावे! अमुक गाडी शंभर किलोमीटरचा वेग ५.९ सेकंदांत गाठते की ६.४ सेकंदांत, या अर्ध्या सेकंदासाठी भाजी निवून जाते. पूर्वी आपल्याकडे अश्वविद्या जाणणाऱ्यास शालिहोत्री म्हणत. भीमथडीच्या तट्टाची छाती, खूर आणि अंगावरचे भोवरे पाहून ते त्याचे मोल सांगत. आमचे हे स्नेही आजचे शालिहोत्री होत. फरक इतकाच की, जुने शालिहोत्री घोडा समोर उभा करून परीक्षा करीत. हे घोडा यावयाच्या आधी करतात. आम्ही त्या टेबलावरचे कायमचे श्रोते. आम्हांस यंत्रातले फारसे कळत नाही. परंतु माणसे ज्या विषयावर निःस्वार्थपणे भांडतात तो विषय ऐकावयास आम्हांस नेहमीच आवडते.

या विद्येची साधने मोठी मजेदार आहेत. नवी गाडी बाजारात येण्यापूर्वी कारखानदार तिला काळ्यापांढऱ्या नक्षीचे वेष्टन चढवून रस्त्यावर फिरवितात. हेतू असा की तिची अंगकाठी कोणास कळू नये. पण लग्नात अंतरपाट धरला म्हणजे वऱ्हाडी माना उंचावून पाहतात ना, तसेच येथेही होते. चाकणच्या रस्त्यावर कोणी तरी असे एखादे घुंगटातले वाहन टिपतो, आणि दिल्लीतल्या आमच्या टेबलावर त्या छायाचित्राचे शवविच्छेदन होते. मागच्या बाजूस धुराच्या दोन नळ्या दिसल्या म्हणजे इंजिन मोठे. चाकांच्या आड तांबडी पकड दिसली म्हणजे गतिरोधक बळकट. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली मोटार-संशोधन संस्था आणि इंदूरजवळ पिथमपूर येथे २०२१ साली खुला झालेला ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग ही या संप्रदायाची तीर्थक्षेत्रे. इंदूरच्या आमच्या एका सहकाऱ्यास होळकरांच्या राजवाड्याविषयी कोणी विचारत नाही. पिथमपूरच्या मार्गाविषयी मात्र सारेच विचारतात.

गतवर्षी, म्हणजे २०२५ साली, या मंडळींच्या प्रतीक्षेस फळ आले. मे महिन्यात फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली. किंमत सुमारे त्रेपन्न लाख. पुढे सारा पावसाळा स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसच्या अंदाजांत गेला. येणार की नाही, आली तर किती येणार, किंमत पन्नासाच्या आत की बाहेर, यावर पैजा लागल्या. पैज चहाची, पण चुरस अशी की जणू जिंकणाऱ्यास गाडीच मिळणार आहे. १७ ऑक्टोबर रोजी किंमत जाहीर झाली : ४९ लाख ९९ हजार. गाड्या आल्या अवघ्या शंभर. आणि किंमत कळण्याच्या अगोदरच त्या शंभरांचीही नोंदणी होऊन गेली होती! मोल न विचारता वस्तू घेणारी शंभर माणसे या देशात निघावीत, याचे आमच्या टेबलास जितके आश्चर्य वाटले तितके त्या गाडीच्या २६५ अश्वशक्तीचेही वाटले नाही. २०२० साली याच नावाची गाडी आली तेव्हा नग दोनशे होते आणि किंमत ३५ लाख ९९ हजार. पाच वर्षे थांबल्याचे फळ असे की संख्या निम्मी झाली आणि किंमत चौदा लाखांनी वाढली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला २००१ सालापासून जी ऑक्टाव्हिया जोडली जात असे, तिचीच ही धाकटी, तापट बहीण. पण ती परदेशातून तयार होऊन आली, आणि म्हणून जकातीच्या नाक्यावरून आली.

इथे संभाषणाचा सूर पालटतो. मोटारवेड्यांची बैठक वेगाने सुरू होते आणि करावर संपते. हा क्रम आम्ही कधी चुकलेला पाहिला नाही. लेखाशाखेतील आमचे एक स्नेही मग डब्याचे झाकण बाजूस सारून हिशेब मांडतात. तो हिशेब वाचकांनाही ठाऊक असावा. चाळीस हजार डॉलरांहून अधिक किमतीची तयार गाडी परदेशातून आणली, तर तिच्या बंदरावरील दर शंभर रुपयांवर एकशे दहा रुपये आयातशुल्क पडते. झाले दोनशे दहा. या दोनशे दहांवर, म्हणजे शुल्कावरही, चाळीस टक्के वस्तू व सेवा कर, तो चौऱ्याऐंशी. झाले दोनशे चौऱ्याण्णव. त्यावर दिल्लीत दहा लाखांवरील पेट्रोलच्या गाडीस दहा टक्के रस्ताकर. म्हणजे तीनशे तेवीसच्या घरात. विक्रेत्याचा नफा, वाहतूक आणि विमा अद्याप धरलेलाच नाही. “गाडी एक घेतो आणि पैसे सव्वातीन गाड्यांचे देतो,” असे म्हणून ते स्नेही पेन्सिल खाली ठेवतात. आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी व्यथा उमटते की जणू हे पैसे त्यांच्याच खिशातून गेले. वास्तविक त्यांचे वाहन म्हणजे वर सांगितलेली स्कूटर होय.

आम्ही कारकून आहोत, त्यामुळे या हिशेबातील रकमांपेक्षा त्यांची भाषा आम्हांस अधिक मौजेची वाटते. २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा महागड्या गाड्यांवरील मूळ आयातशुल्क शंभरावरून सत्तर टक्के करण्यात आले. आमच्या टेबलावर त्या दिवशी पेढे यावयाचेच बाकी राहिले होते. पण त्याच कागदात खाली कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकराची चाळीस टक्क्यांची नोंद होती. आधी शंभर आणि त्यावरील दहाचा अधिभार मिळून एकशे दहा. आता सत्तर अधिक चाळीस मिळून एकशे दहा. नाव बदलले, भार तोच राहिला. टिपणी लिहिण्याची कला ज्यांस साधली आहे तेच हे समजू शकतील. मग जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापाराचा करार झाला आणि त्यात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरील शुल्क क्रमाक्रमाने दहा टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे कलम आले. तेव्हापासून ‘ठरावीक’ आणि ‘क्रमाक्रमाने’ या दोन शब्दांवर आमच्या मंडळींनी जेवढे भाष्य केले आहे, तेवढे एखाद्या उपनिषदावरही झाले नसेल.

करामुळे गाडी महागते एवढेच लोकांना दिसते. पण कर गाडीला आकारही देतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या करण्यात आली : लांबी चार हजार मिलिमीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन बाराशे घन सेंटिमीटरच्या आत आणि डिझेलचे पंधराशेच्या आत. अशा गाडीवरील अबकारी कर चोवीस टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर आला. एका कागदावरची ती ओळ. पण तिने देशभर शिंप्याचे काम केले. मारुतीची डिझायर प्रथम २००८ साली आली ती चार मीटरांहून लांब होती. २०१२ साली नवी आली ती ३९९५ मिलिमीटरांत बसविलेली. मागच्या सामानपेटीवर कात्री चालली होती. इंजिने पाहावीत तर ती ११९७ आणि ११९९ घन सेंटिमीटरांची. जणू उंबरठ्यावर पाऊल ठेवून, पण आत न जाता उभी. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून नवी व्यवस्था आली. अधिभार गेला, या चौकटीत बसणाऱ्या लहान गाडीस अठरा टक्के आणि तिच्याबाहेरच्या पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांस चाळीस टक्के कर झाला. तरीही चार मीटरांची रेषा जागच्या जागीच राहिली. चैन कोठे सुरू होते हे तत्त्वज्ञांस आजवर सांगता आले नाही; सरकारने ते मिलिमीटरांत सांगून टाकले आहे.

हे सारे अन्यायाचे आहे काय? आमच्या टेबलाचा निर्णय एकमुखी आहे : होय. आमचा मात्र निर्णय होत नाही. एक तर ज्या तिजोरीत हा कर जमा होतो, तिच्यातूनच महिनाअखेरीस आमचे वेतन येते. ज्या फांदीवर बसावयाचे तिच्यावर कुऱ्हाड चालविण्याइतकी आमची रसिकता प्रखर नाही. दुसरे असे की, कराच्या बाबतीत आपल्या लोकांची न्यायबुद्धी मोठी कडक आहे. सचिन तेंडुलकर यांस २००२ साली, ब्रॅडमन यांच्या एकोणतीस कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल, फेरारी गाडी भेट मिळाली. तीवरचे एक कोटीहून अधिक रुपयांचे आयातशुल्क माफ करण्याचे ठरले, तेव्हा त्याच्या प्रत्येक धावेवर टाळ्या पिटणाऱ्या या देशात केवढा गदारोळ उठला! प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. लोकांचे त्याच्यावरचे प्रेम तिळभरही उणे झाले नाही; पण नाक्यावर सर्वांनी सारखेच थांबावे, ही अपेक्षाही उणी झाली नाही. आम्हांस ही गोष्ट आपल्या लोकांविषयी आदर वाटावयास पुरेशी वाटते.

आणि वेगाचे म्हणाल, तर त्याचे गणित आणखी एका वहीत मांडलेले असते. २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसे अपघातांत दगावली. रिंग रोडवर सायंकाळी सहा वाजता ताशी अडीचशे किलोमीटर धावू शकणारी गाडी आणि भाजीची हातगाडी एकाच गतीने सरकतात; आणि पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा त्यावरून झोपेतून उठलेले झाडूवाले, दूधवाले आणि शाळेची मुले जात असतात. हे आम्ही एकदा टेबलावर बोलून दाखविले. त्यावर मेट्रोने येणारे स्नेही शांतपणे म्हणाले, “आम्हांला ती पळवायची आहे असे तुम्हांला कोणी सांगितले?” या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. ज्यास पेटीचा सूर लावता येत नाही असा मनुष्यही मैफलीत पहाटेपर्यंत बसतो. त्याला गावयाचे नसते. एखादी गोष्ट तिच्या परमोच्च अवस्थेत कशी असू शकते, एवढे जाणून घ्यावयाचे असते. सहा सेकंदांत शंभराचा वेग गाठणारे यंत्र म्हणजे मनुष्याच्या हातून साधलेली एक निर्दोष तान आहे, असे त्यांस वाटते. या प्रेमावर चाळीस टक्के काय, एक टक्काही कर नाही. आणि म्हणूनच की काय, ते आमच्या शाखेत इतके मुबलक आहे.

परंतु मुबलक वस्तूचीही किंमत कोणी तरी मोजीत असतो. वर ज्यांचा हिशेब दिला ते लेखाशाखेतील स्नेही मूळचे सोलापूरकडचे. नोकरी लागल्यापासून ते एका खात्यात दरमहा नियमाने पैसे टाकीत आले. ते पैसे ‘त्या’ गाडीचे. ‘ती’ म्हणजे कोणती हे दर वर्षी बदलत असे. जुन्या झालेल्या, पण एके काळी नामांकित असलेल्या एखाद्या वेगवान गाडीवर आपली दृष्टी आहे, असे ते सांगत. दरम्यान त्यांच्या मातोश्री सोलापुराहून दिल्लीस राहावयास आल्या. गुडघ्यांच्या विकारामुळे त्यांना स्कूटरवर बसता येत नाही, आणि रिक्षात चढताना दोघांनी धरावे लागते. गणपतीत मराठी मंडळींच्या उत्सवाला त्या दोन वर्षे आल्या नाहीत. आम्ही चौकशी केली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अरे, याची गाडी येणार आहे ना, मग येईन की!” त्या वाक्यात टोचणी मुळीच नव्हती; मुलाच्या बोलण्यावर आईचा असावा तसा पूर्ण विश्वास होता. आणि तोच ऐकणाऱ्यास जड जात होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील कर एकोणतीस टक्क्यांवरून अठरावर आला. त्या दिवशी टेबलावर प्रथमच एका सामान्य गाडीचा हिशेब मांडला गेला. पेन्सिल तीच, हात तोच; पण आकडे खात्यातील शिलकेशी जुळत होते. आम्ही सारे गप्प होतो. ज्याने आठ वर्षे आकड्यांचे न जुळणे उपभोगले, त्यास ते जुळल्यावर काय वाटत असेल हे आम्हांस त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. न जुळणाऱ्या हिशेबात एक आश्रय असतो. तो मनुष्यास काही करावयास लावीत नाही. जुळलेला हिशेब मात्र उत्तर मागतो. कोणी तरी सुचविले की एक हजार घन सेंटिमीटरांच्या आतही हल्ली चपळ इंजिने मिळतात, ११९९ घन सेंटिमीटरांत एकशेवीस अश्वशक्तीची गाडीही २०२४ साली आलेली आहे. स्नेही म्हणाले, “दार मोठे उघडले पाहिजे आणि बैठक उंच पाहिजे.” शालिहोत्र्याने घोड्याची परीक्षा सोडून जीनाची परीक्षा करावी, तसे ते बोलणे होते. मंडळींपैकी कोणीही हसले नाही.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. कारण त्यात मोटारीपुरते काही नव्हते. दूरदेशी नेमणुकीवर असलेले आपण मराठी लोक वर्षानुवर्षे एका न आलेल्या वस्तूच्या भरवशावर जगतो. ती म्हणजे बदलीचा हुकूम. पुढच्या वर्षी पुणे मिळेल, निदान नागपूर तरी. म्हणून यंदा कपाट घ्यावयाचे नाही, भिंतीस खिळा मारावयाचा नाही, मुलास इकडची भाषा फार शिकवावयाची नाही, शेजाऱ्याशी मैत्री जपून करावयाची. बदल्यांच्या यादीविषयी आपले अंदाज, आपले ‘आतले’ बातमीदार, आपली नळी दिसली म्हणजे इंजिन मोठे अशा धर्तीची अनुमाने; हे सारे त्या टेबलावरच्या विद्येचेच धाकटे भावंड होय. आणि दरम्यान ज्या गावात आपण खरोखर राहतो, त्या गावातील दहा-बारा वर्षे निघून जातात. न आलेली वस्तू मनुष्यास आनंद देते, याविषयी आमच्या मनात संशय नाही. तिच्यावाचून कचेरीतील दुपार सोसणे कठीण आहे. पण जी माणसे येऊन पोहोचली आहेत, त्यांना तिच्यासाठी उंबरठ्यावर तिष्ठत ठेवणे हा कर फार जबर होतो, आणि तो भरणारे बहुधा आपण नसतो.

स्नेह्यांनी गाडी दिवाळीपूर्वी घेतली. रंग पांढरा, वेगाविषयी सांगण्यासारखे काही नाही. नोंदणीच्या वेळी त्यांनी ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक मागितला. केंद्र सरकारच्या नोकरांना ही सोय सप्टेंबर २०२१ पासून मिळते, ती ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी नेली, तर एरव्ही नवा क्रमांक घ्यावा लागतो, तेथील कर नव्याने भरावा लागतो आणि जुन्या राज्याकडून परतावा मिळविण्यासाठी खेटे घालावे लागतात. या मालिकेत तसे नाही. पंधरा वर्षांचा रस्ताकर एकदम न भरता तो दोन-दोन वर्षांनी भरावयाचा आणि गाडी कोठेही न्यावयाची. त्या पाटीवर दिल्लीचे नाव नाही, महाराष्ट्राचेही नाही. ती पाहून आम्हांस ओळखीचे वाटले. दर दोन वर्षांनी कर भरीत, जेथे नेमणूक होईल तेथील रस्त्यावर ती आता धावावयाची आहे. आणि धावण्यासाठी तिला कोणत्याही हुकुमाची वाट पाहावयाची नाही.

टेबलावरची चर्चा अर्थातच थांबलेली नाही. परवाच त्या स्नेह्यांनी डब्याचे झाकण बाजूस सारून, ब्रिटनच्या करारातील शुल्क पुरते उतरल्यावर कोणती गाडी किती लाखांस पडेल, याचा तक्ता केला. हिशेब पूर्वीइतकाच चोख होता आणि आवाजही पूर्वीइतकाच तापला होता. मात्र पाच वाजता ते सर्वांच्या आधी उठले. मातोश्रींना करोल बागेत लोकर घ्यावयाची होती.